कुसुमवन्सं, रूथबाई येऊन गेल्या

वन्सं, तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला, तुमच्या नावापर्यंत बोट नेलं आणि थांबले. तुमचा नंबर अजून काढलेला नाही मी. लागला असता तर पलीकडून तुम्ही म्हणाला असतात, "बोल मीना, मशीन चालूय, मोठ्यानं बोल." तर मोठ्यानंच सांगते. रूथबाई आल्या! खरंच आल्या. अमेरिकेतून निघाल्या, वाटेत विमान बदललं, पुण्याहून गाडी केली, मंचरला कांद्याच्या ट्रकांमागं अडकल्या आणि शेवटी घोडेगावात आपल्या दारासमोर उतरल्या.

उतरल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला. तुमचे भाऊ हार घेऊन माझ्या शेजारी उभे होते, ते एकदम मागंच सरकले. "ताईचं डोळं," एवढंच म्हणाले. तेच घारे, हिरवट झाक असलेले डोळे, वन्सं. ज्यांच्यापायी शाळेत पोरं तुम्हाला मांजर म्हणायची ते. हार घालायचं राहूनच गेलं. रूथबाईंनीच तो ह्यांच्या हातातून घेतला, घरात आल्या आणि विचारलं, "कुसूम कुठे आहे?" मी तुमच्या फोटोकडं बोट दाखवलं. त्यांनी हार फोटोला घातला. असं करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

होळी झाली आणि तुम्ही गेलात. तोवर त्यांचं तिकीट काढून झालं होतं. मी लेकीला म्हटलं, पूर्वा, त्यांना कळव बाई, आता नाही आलात तरी चालेल. आपल्या पूर्वानं इंग्रजीत काय सांगितलं असेल ते असो, पण त्यांचं उत्तर आलं, आता तर यायलाच हवं.

सुरुवात कुठून झाली आठवतंय ना? माझ्या माहेरून. आमचे आजोबा राजस्थानातून येऊन मंचरला बटाट्याच्या धंद्यात रमले, घरात बोलणं मराठी झालं, सणवार अर्धे इथले झाले, पण आमच्या पिढ्या सांगणारा भाट अजून कधीमधी तिकडून येतो. त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर होतात. भाट मांडी घालून एका दमात नावं म्हणत होता, अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. तुम्ही हनुवटीला हात लावून ऐकत होतात. संपल्यावर विचारलंत, "महाराज, बायकांची नावं?"

"बहनजी, वो नहीं होतीं."

"मग हे सगळे बाप्ये काय झाडाला लागले व्हते का?"

माझे पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाटही हसला, आणि मग सहज विचारून गेला, "आपके मूल पुरुष कौन?" आपण निघालो. तुम्ही स्कूटीवर माझ्यामागं. मंचर मागं पडलं तेव्हा माझ्या कानाशी म्हणालात, "मीना, आपल्या घरात कायतरी दडवलंय. ते मला पायजे. आन् नुसता मूळ पुरुष नको. त्याची बायको पण पायजे."

दडवलेलं तर मलाही जाणवत होतं. लग्न होऊन आले तेव्हा मोऱ्यांच्या घरात मोरपिसाचं देवक असेल असं मला शेजारणीनं सांगितलं होतं. आपल्याकडं लग्न निघालं की देव्हाऱ्यामागून एक लांब, टोकाला चपटं झालेलं लाकूड बाहेर निघायचं, त्याला हळद लागायची आणि तेच देवक म्हणून पुजलं जायचं. नवी नवरी असून मी बोलून गेले, "हे वल्हं आहे का हो?" सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पाणी आणायला आत पळाले. सोयरीक जुळवताना दुसरे मोरे आले, की देवकाचा विषय निघायचा आणि सासरे पावसापाण्यावर बोलायला लागायचे. घरात कधीतरी, भांडणाच्या भरात, "टोपीवाल्याची अवलाद" हा शब्द निसटायचा. टोपीवाला म्हणजे गोरा साहेब, एवढं कळायचं, पण पुढं विचारायची सोय नसायची.

तुम्ही विचारलंत. सरळ ह्यांनाच. आणि तुमचे भाऊ भडकले. "ताई, आपण मोरे. बास. उद्या गावात तोंड दाखवायचंय मला."

"वश्या, तुझं तोंड कोन बघतंय? लोकं माझं डोळं बघत्यात."

त्यानंतर बरेच दिवस तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता. मधे मी. इकडून डबा, तिकडून निरोप. पण तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नव्हताच. तुमच्या शिवणाच्या दुकानात ब्लाउजचं माप घेता घेता प्रत्येक बाईला विचारायचात, तुमच्या आजेसासूकडून कधी टोपीवाल्याचं काही ऐकलंय का? मढच्या एका बाईनं सांगितलं, आमच्याकडं साहेबाचा बंगला आहे. झालं! दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप आणि आपण दोघी स्कूटीवर मढला. माळशेजकडून येणारं ते वारं, तुमचा पदर माझ्या तोंडावर, आणि तुम्ही मागून, "मीना, टोपीवाला ह्याच वाटेनं आला आसंल बघ, घाट चढून!" तिथं जाऊन बघतो तर सरकारी विश्रामगृह. चौकीदार म्हणाला, "साहेब म्हंजी आमचं इंजिनियर साहेब. मागल्या महिन्यात बदली झाली." तुम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग त्याच चौकीदाराच्या बायकोच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन आपण परत आलो, आणि येताना तुम्ही तिच्या ब्लाउजचं मापही घेतलंत.

मग पूर्वानं ती नळी आणली. तिच्या ऑफिसातली मैत्रीण अमेरिकेहून येताना घेऊन आली होती. तिच्यात थुंकायचं, ती परत तिकडं पाठवायची, आणि जगात कुठं आपलं रक्ताचं कुणी असेल तर कळतं. तुम्हाला पटेना. पूर्वा सांगतेय म्हणून थुंकलात. नंतर सगळ्या गावाला सांगत सुटलात, "माझी थुंकी विमानानं अमेरिकेला गेली. मला मात्र कुणी शिर्डीच्या पलीकडं नेलं न्हाई."

आणि निकाल आला! त्या दिवशीची तुम्ही मला अशी दिसताय. पूर्वा पुण्याहून फोनवर ओरडतेय, तुमच्या गळ्यात टेप, हातात कात्री. "आत्या, एक बाई सापडली! अमेरिकेत, मेन नावाच्या राज्यात. तुझी लांबची चुलत बहीण आहे. आडनाव सांगू? मूर!"

तुम्ही ते दोन-तीनदा पुटपुटलात. मूर. मूर. आणि मग कात्री खाली ठेवलीत. "मोरे," म्हणालात. "आगं मीना, मूरचं मोरे! वल्हं पुजणारे मोरे!" समोर माप द्यायला उभी असलेली बाई घाबरून गेली. तिला तुम्ही मिठी मारलीत.

रूथबाईंशी पहिल्यांदा बोललो ती सकाळ. आपल्याकडं ऊन चढलेलं, त्यांच्या खिडकीबाहेर अंधार आणि बर्फ. त्या बर्फाकडं बघून तुम्ही पदर आवळून घेतलात. पूर्वा मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती. रूथबाई शाळेची बस चालवायच्या, आता निवृत्त. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट सांगत आलेले: आमोस मूर, त्यांच्या खापरपणजोबाचा धाकटा भाऊ, जहाजावरचा सुतार. त्या काळी तिकडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुश्शात दाबून जहाजानं मुंबईला यायचा. असल्या एका जहाजावर आमोस चढला. जहाज परत आलं. आमोस आला नाही. कप्तान काही नीट सांगेना. आई वाट बघत राहिली आणि शेवटी तिनं गावच्या कबरस्तानात एक दगड उभा केला. खाली कुणी नाही. वर लिहिलेलं, आमोस मूर, समुद्रात हरवला.

तुमचे भाऊ दाराआडून ऐकत होते, हे मला दिसत होतं. तुम्हालाही. तुम्ही मुद्दाम मोठ्यानं म्हणालात, "म्हंजी आमचा खापरपणजोबा बर्फवाला व्हय!" आणि दाराआडून आवाज आला, "तरीच ताईला गोळा लई आवडतो." तेवढ्यावर तुमचा अबोला मिटला.

पण त्या दिवशीपासून माझं-तुमचं वाजलं. ते भांडण अर्धंच राहिलं, वन्सं. मी म्हटलं, आईला शेवटपर्यंत कळवलं नाही, तो कसला हो मोठा माणूस? इथं मजेत संसार केला आणि तिकडं ती माउली दगड घेऊन बसली. तुम्ही म्हणालात, "ज्याला परत जायचं नस्तं ना, त्याला सांगायला तोंड फुटत न्हाई." मी म्हटलं, तोंड फुटायला काय झालं, निरोप धाडता आला असता कुणाबरोबर. तुम्ही मशीनवर वाकलात आणि उगाच एक शिवण उसवायला लागलात. मला तेव्हा समजायला हवं होतं. तुम्ही ज्या दिवशी नवऱ्याचं घर सोडून आलात, त्यानंतर तिकडच्या कुणाला एका शब्दानं कधी काही कळवलं नाहीत. का आलात, काय झालं होतं, आम्ही कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. ते माझ्या मनात पुढं कैकदा आलं. आज विचारेन, उद्या विचारेन. आमोसवरून तुमच्याशी वाद घालत राहिले मी, आणि तुम्ही त्याच्या बाजूनं भांडत राहिलात. अजूनही मला वाटतं, त्यानं आईला कळवायला हवं होतं. पण आता हे म्हणताना माझा आवाज तेवढा चढत नाही.

साहेब सापडला तरी तुमचं समाधान कुठं? "त्याची बायको कुठाय?" हेच. गावात कुजबुज होतीच, की ठेवलेली असंल. साहेब लोक कुठं लग्न करतात? ती कुजबुज तुम्हाला लागायची. मला नाव पायजे, म्हणायचात, बाईला नाव व्हतंच की.

आणि ते नाव अशा ठिकाणाहून आलं! डिंभ्याहून एक सून दुकानात आली. घरात बारसं होतं आणि सासूला नवी चोळी हवी होती. सासू फार म्हातारी, घराबाहेर पडत नाही, म्हणून माप घ्यायला आपण दोघी तिच्याकडं गेलो. यमुनाबाई. आपलं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा त्याही तिथूनच उठून आलेल्या. तुम्ही दंडाचं माप घेताना सवयीनं विचारलंत, "मावशी, टोपीवाल्याचं काय ऐकलंय का?"

यमुनाबाई म्हणाल्या, "ऐकलंय का म्हंजी? दळताना म्हनायचो की आमी."

आणि त्यांनी म्हटलं. गळा फाटका, पण एक शब्द चुकला नाही.

*घोडनदीच्या पुरामंदी नाव कुनाची चालली,*
*सगुनाच्या भ्रतारानं गुरंमानसं तारली.*

तुमच्या हातातली टेप सुटून खाली पडली. "परत म्हना," म्हणालात. त्यांनी परत म्हटलं. "आजून एकदा." यमुनाबाई म्हणाल्या, "आगं बाई, दम तरी खाऊ दे." पावसाळ्यात नदीला पूर आला की आपलं जुनं गाव अर्धं तुटायचं. टोपीवाल्यानं स्वतःच्या हातानं नाव बांधली आणि माणसं, गुरं, बाळंतिणी, सगळं ह्या तीरावरून त्या तीरावर नेलं. सगुणा तिथलीच, शेतकऱ्याची पोर. तो तापानं फणफणत नदीकाठच्या देवळात पडला होता, तेव्हा तिच्या बापानं त्याला घरी आणला होता. यमुनाबाईंच्या आईच्या आईनं ऐकलेलं हे एवढंच. पण तुम्ही पुढचं ऐकतच नव्हता. माझा दंड धरून गदागदा हलवत होता. "भ्रतार, मीना! ऐकलंस का? भ्रतार म्हनाली! लग्नाचा नवरा! सगुणा गं! सगुणा!" म्हाताऱ्या यमुनाबाईला कळेना हिला झालं काय. तुम्ही तिच्या पाया पडलात आणि वर उठून नाचलात. हो, नाचलात वन्सं, वयाची साठी उलटलेली बाई, त्या पत्र्याच्या पडवीत, आणि घरातली नातवंडं टाळ्या वाजवत होती.

परत येताना एसटी वेळेवर येण्याचा प्रश्नच नव्हता. धरणाच्या भिंतीजवळ मासळी विकणाऱ्यांच्या शेजारी आपण बसून राहिलो. तुम्ही मला म्हणालात, "तुला घरात आनली ना मी, ते बरं केलं." मला हसू आलं. माझ्या पप्पांना आमचं लग्न नको होतं. सगळे अडून बसले होते, तेव्हा तुम्ही एकट्या मंचरला जाऊन आमच्या गाळ्यात बटाट्याच्या पोत्यावर बसलात आणि पप्पांना म्हणालात, पोरगी आमच्याकडं आली तरी तिचं माहेर तुटणार न्हाई, ही माझी जबान. ती तुम्ही पाळलीत. माझा प्रत्येक पर्युषणाचा उपास तुम्ही माझ्याबरोबर अर्धा का होईना केलात. हे मी त्या दिवशी धरणावर बोलायला हवं होतं. एसटी आली आणि आपण जागा पकडायला धावलो.

तुम्ही गेलात ते दुकानात, दुपारी. मशीनवर डोकं टेकवलंत, शेजारच्या मेडिकलवाल्याला वाटलं डुलकी लागली. सुईखाली कुणाची तरी बाही होती. ती मी पुरी केली. नीट झाली नाही, पण ती बाई म्हणाली, राहू दे, मी अशीच घालेन.

आता रूथबाईंचं ऐका. पहिल्याच दिवशी त्यांना माहेरी नेलं. गाळ्यात बटाट्याचं बेणं येऊन पडलं होतं. त्यांनी एक बटाटा उचलला, नखानं साल खरवडली, वास घेतला आणि माझ्या भावाला बेण्याच्या जातीचं नाव विचारलं. त्यांचे वडील बटाटा पिकवायचे! त्यांचं सगळं राज्यच बटाट्याचं म्हणे. भाऊ आणि त्या असे काही रंगले, की पूर्वाला भाषांतर करायला उसंत मिळेना. मग त्यांनी विचारलं, जेवायला बटाट्याचं काय केलंय? वहिनी म्हणाली, आम्ही जैन, बटाटा खात नाही. रूथबाईंनी गाळ्यातल्या त्या ढिगाकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि जे हसायला लागल्या! हसणं थेट तुमचं. पप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले.

यमुनाबाईंनी त्यांना ओवी म्हणून दाखवली आणि सांगितलं, हिला म्हनाव, हे तुझ्या सासुरवाडीचं गानं हाय. नातं चुकलं होतं, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

शेवटच्या दिवशी जुन्या गावाला गेलो. उन्हाळ्यानं धरण बरंच खाली उतरलंय, भेगाळलेल्या गाळातून जोती वर आलीत. मी ह्यांना यायचा आग्रह केला नव्हता. ते आपणहून पुढं बसले गाडीत. तिथं पोचल्यावर रूथबाईंनी बूट काढून हातात घेतले. हे पुढं, आम्ही मागं. एका जोत्यापाशी थांबून म्हणाले, "हितं आमचं घर व्हतं. हितं ताई मला आंघोळ घालायची, डोळ्यात साबण जायचा." मग खाली पाण्याच्या कडेला गेले. तुमची रक्षा सोडली ती तीच जागा. तिथं उभे राहून पूर्वाला म्हणाले, "सांग त्यांना. हितं नाव लागायची. आमच्या खापरपणजोबाची." वन्सं, 'आमच्या' म्हणाले. पूर्वानं सांगितलं. रूथबाईंनी ह्यांचा हात हातात घेतला, आणि तुमच्या भावानं, गावात तोंड दाखवायचंय म्हणणाऱ्यानं, तो सोडवून घेतला नाही. पलीकडं जाळी सुकवत बसलेल्यांनी विचारलं, "पावणं कुठलं?" हे म्हणाले, "घरचंच हाय."

आता खरी बातमी. आज सकाळी तिकडून फोटो आलाय.

यमुनाबाईंकडून परतल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही रूथबाईंना व्हिडिओवर सगुणाचं नाव सांगितलंत. त्यांना ते म्हणता येईना. लिहून दाखवा म्हणाल्या. हाताशी कागद नव्हता. तुम्ही कटिंगच्या टेबलावरचं काळं कापड ओढलंत आणि खडूनं त्याच्यावर लिहिलंत, सगुणा मोरे. उकार नेहमीसारखा लांबलचक. आणि बोलता बोलता, हाताला लागलेल्या सवयीनं, शेवटी तुमची ती खूण केलीत, कापडाची सुलट बाजू कळावी म्हणून प्रत्येक तुकड्यावर करायचात ती, टिंबावर छोटी फुली. कापड कॅमेऱ्यासमोर धरलंत. रूथबाईंनी त्याचा फोटो काढून ठेवला, हे आपल्याला माहीतही नव्हतं.

परत गेल्यावर त्यांनी आमोसचा दगड धुऊन घेतला. 'समुद्रात हरवला' हे त्याच्या आईनं लिहिलेलं तसंच ठेवलं, पुसलं नाही. त्याच्या खाली इंग्रजीत नवीन कोरलं, घोड नदीकाठी, आंबेगाव तालुक्यात सापडला. आणि त्याच्या खाली मराठीत, तुमच्या अक्षरात, तुमच्या लांब उकारासकट: सगुणा मोरे. कोरणाऱ्याला आपली लिपी कुठून येणार? दिसलं तसं त्यानं उतरवलं. काहीच गाळलं नाही. टिंबावरची फुलीसुद्धा नाही.

फोटोखाली रूथबाईंनी विचारलंय, नावाच्या शेवटी हे जे अक्षर आहे, त्याचा उच्चार कसा करायचा? आमच्या गावातली माणसं वाचायला थांबतात आणि तिथं अडखळतात.

पूर्वा म्हणाली, आई, काय सांगू?

मी म्हटलं, लिही. कुसुम असा करायचा.